योग्य मार्गदर्शकाची निवड

भातसा धरणाचे पाणी मुंबईपर्यंत पोहोचते. परंतु भातसानगर परिसरातील मुलांना दहावीनंतरची वाट दाखवणारा जाणता मार्गदर्शक सहजी लाभत नाही. चुकीच्या सल्ल्याने वर्ष वाया जाते आणि कुटुंब कर्जबाजारी होते. पालक प्रथम शिक्षक व पंचायत सदस्यांकडेच येत असल्याने मार्गदर्शकाची पारख त्यांना असणे अगत्याचे आहे.

खरा मार्गदर्शक आधी ऐकतो. मुलाची आवड, कुवत, घरची परिस्थिती व रोजच्या प्रवासाचे अंतर तो विचारात घेतो. औद्योगिक प्रशिक्षण संस्था, तंत्रनिकेतन, महाविद्यालय, शिकाऊ उमेदवारी असे पर्याय खर्चासह मांडतो. एकाच खाजगी संस्थेचा आग्रह धरणाऱ्यास, प्रवेशामागे त्याला मोबदला मिळतो काय, असे स्पष्ट विचारावे. शिकाऊ उमेदवार अधिनियम, १९६१ नुसार उमेदवारास मालकाने विद्यावेतन द्यावयाचे असते; त्या जागेसाठी उलट पैसे मागणाऱ्यापासून दूर राहावे. नोकरीची हमी देणाऱ्यावरही विसंबू नये.

शुल्क व सेवेचा तपशील लेखी घ्यावा. अंतिम निर्णय मात्र विद्यार्थ्याचाच असावा. तो स्वतः घेण्याचे बळ देणारा मार्गदर्शकच योग्य होय.