शीतयंत्राचा जमाखर्च

आपल्या भुदरगड तालुक्यात दूध म्हणजे रोख पैसा. उसाचे बिल हाती येण्यास महिने लोटतात, दुधाचे बिल मात्र दर दहा दिवसांनी मिळते. कोल्हापूर जिल्हा सहकारी दूध उत्पादक संघ, म्हणजे आपल्या सर्वांच्या परिचयाचे ‘गोकुळ’, १९६३ साली स्थापन झाला आणि हा व्यवहार खेडोपाडी रुजला. परंतु या साऱ्या व्यवहाराचा आधार असलेल्या शीतयंत्राकडे आपण कधी लक्ष देत नाही. संस्थेत दूध येते तेव्हा ते ३५ अंश सेल्सिअसच्या आसपास असते. ते त्वरेने ४ अंशांपर्यंत उतरविले नाही तर त्यातील जंतू वाढतात आणि दूध आंबते.

या यंत्राचे अवयव चार. कॉम्प्रेसर वायूला दाबतो व तापवितो. कंडेन्सर त्याची उष्णता बाहेरच्या हवेत सोडून त्याचा द्रव करतो. एक्स्पान्शन व्हॉल्व्ह त्या द्रवाचा दाब एकदम उतरवितो. आणि इव्हॅपोरेटरमध्ये तो द्रव उकळताना दुधाची उष्णता शोषून घेतो. हजार लिटर दूध ३५ वरून ४ अंशांवर आणण्यासाठी सुमारे ३५ युनिट उष्णता काढावी लागते. विजेच्या एका युनिटामागे तीन युनिट उष्णता निघत असेल तर पावणेबारा युनिट वीज पुरते. तेच प्रमाण अडीचवर घसरले तर १४ युनिटे लागतात. दूध तरीही थंड होतेच! म्हणून कोणाच्या काही ध्यानात येत नाही. शीतयंत्राचा आजार हा असा आहे. रोगी कामावर जातो, फक्त जेवतो जास्त.

एका दूध संस्थेत घडलेली हकीकत मी जवळून पाहिली आहे. विजेचे बिल वाढू लागले. कॉम्प्रेसर तापतो, वीज तोच खातो, तेव्हा दोषी तोच, असा निवाडा होऊन नवा कॉम्प्रेसर बसविण्यात आला. बिल जसेच्या तसे राहिले. पुढे कोणी कंडेन्सरच्या पात्या धुतल्या, तेव्हा त्यांतून कडब्याचा भुसा आणि धूळ यांचा लगदा निघाला, आणि बिल उतरले. नव्या कॉम्प्रेसरचा खर्च शेवटी सभासदांच्याच खिशातून गेला. आमच्या घरी दोन म्हशी आहेत, त्यामुळे हा प्रश्न मला केवळ यंत्रशास्त्राचा वाटला नाही.

माझा विषय अर्थशास्त्र. या दोषाचा शोध घेण्याची जी शास्त्रीय पद्धत आहे तिच्या नावातच अर्थशास्त्र आहे हे वाचून मला नवल वाटले. तिला थर्मोइकॉनॉमिक्स म्हणतात. १९६०च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेत मायरन ट्रायबस व रॉबर्ट इव्हान्स यांनी हे नाव रूढ केले, आणि १९८०च्या दशकापासून स्पेनमधील सारागोसा येथे अँटोनियो व्हालेरो व त्यांच्या सहकाऱ्यांनी तिला हिशेबाचे पक्के रूप दिले. 

प्रथम चलन कोणते ते ठरवू. उष्णतेचे नुसते युनिट येथे चालत नाही. गारगोटीच्या मे महिन्यातल्या हवेत अमाप उष्णता आहे, पण तिच्यावर एक दिवा लागत नाही. ऊर्जेतला जो भाग खरोखर कामास येऊ शकतो त्याला १९५६ साली झोरान रांट यांनी ‘एक्झर्जी’ असे नाव दिले. वीज म्हणजे जवळजवळ निव्वळ एक्झर्जी. दुधाच्या थंडपणाची एक्झर्जी ते भोवतालच्या हवेहून किती गार झाले यावर ठरते. हेच आपले नाणे.

आता प्रत्येक अवयवाच्या नावे वहीत एक खाते उघडावे. त्याला मिळाले किती, आणि त्याने पुढे दिले किती. समजुतीपुरते आकडे घेऊ. वीज १०० आली. कॉम्प्रेसरमधून ७० निघाली, कंडेन्सरनंतर ६०, व्हॉल्व्हनंतर ५०, आणि दुधापर्यंत २५ पोचली. म्हणजे कॉम्प्रेसरपाशी एक एकक वाया गेले तर विजेचे दीड एककही बुडत नाही; व्हॉल्व्हपुढे गेले तर दोन बुडतात; दुधाच्या दाराशी गेले तर चार. वेदगंगेवरून पाणी आणताना घागर घाटावरच हिंदकळली तर फार बिघडत नाही, उंबऱ्यावर हिंदकळली तर साऱ्या वाटेचे श्रम वाया जातात. सांडलेले पाणी मात्र दोन्हीकडे सारखेच! इव्हॅपोरेटरच्या नळीत साचलेल्या तेलाच्या थराकडे म्हणूनच दुर्लक्ष करू नये.

पण खरी गंमत याच्या पुढे आहे. कंडेन्सरवर धूळ बसली की वायू सहज थंड होत नाही, त्याचा दाब चढतो. कॉम्प्रेसरला त्या वाढलेल्या दाबापर्यंत ढकलावे लागते, म्हणून त्याची वीज वाढते. व्हॉल्व्हमध्ये दाबाची उडी मोठी होते, तेथेही नुकसान वाढते. एकाच्या अंगी रोग आणि तीन खात्यांत तूट. संयुक्त कुटुंबात थोरल्याने उधळपट्टी केली की धाकट्यांच्या नावेही कर्ज दिसू लागते, तसेच हे. मिळकतीची आणि खर्चाची नुसती वजाबाकी करणारा येथे फसतो, कारण सर्वांत मोठी तूट बहुधा कॉम्प्रेसरच्याच खात्यात असते.

थर्मोइकॉनॉमिक निदान वाढलेल्या खर्चाचे दोन भाग पाडते: अवयवाचा स्वतःचा दोष, आणि दुसऱ्यामुळे त्याच्यावर लादलेला भार. त्यासाठी निरोगी यंत्राची वही अगोदर हाताशी असावी लागते. या चढलेल्या दाबावर निरोगी कॉम्प्रेसरने किती वीज घेतली असती, ते काढावे. प्रत्यक्षात तेवढीच घेतली असेल तर तो निर्दोष. मग दुसऱ्या खात्याकडे वळावे. दोन-तीन दोष एकाच वेळी असले तर हा हिशेब किचकट होतो, आणि उपकरण चुकीचे तापमान दाखवीत असेल तर निकालही चुकतो. ही पद्धत जादूची नव्हे, हे तिचे पुरस्कर्तेही मान्य करतात.

आमच्याकडच्या संस्थांत फॅटची नोंद थेंबाथेंबाने ठेवतात. यंत्राची नोंद मात्र कोणी ठेवत नाही. रोज सकाळ-संध्याकाळ दुधाचे लिटर, मीटरचा आकडा, कॉम्प्रेसरच्या पुढचा व मागचा दाब, चारही अवयवांपाशी तापमान आणि बाहेरच्या हवेचे तापमान, एवढे लिहिण्यास पाच मिनिटे पुरतात. तुलना मात्र मे महिन्याची मे महिन्याशीच करावी, आणि तितक्याच दुधाशी. कारण ऑगस्टच्या पावसाळी हवेत धुळीने भरलेला कंडेन्सरही निरोगी भासतो.