कमी चाललेली, पण जुनी : आलिशान मोटारीच्या खरेदीचा निर्णय
(चिकलठाणा परिसराच्या संदर्भात एक विवेचन)

प्रस्तावना

ऑक्टोबर 2010 मध्ये तत्कालीन औरंगाबाद, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगर येथील उद्योजक, व्यावसायिक व डॉक्टर मंडळींच्या एका गटाने सुमारे 150 मर्सिडीज-बेंझ मोटारी एकत्रितपणे खरेदी केल्या. तत्कालीन वृत्तांनुसार हा व्यवहार सुमारे 65 कोटी रुपयांचा होता आणि त्यासाठी भारतीय स्टेट बँकेने मोठ्या प्रमाणावर, सुमारे 7 टक्के दराने कर्जपुरवठा केला होता. मराठवाड्याच्या माथी कायमचा बसलेला 'मागास' हा शिक्का पुसण्याची ईर्षा त्या खरेदीमागे होती, असे त्या वेळी बोलले गेले. चिकलठाणा, वाळूज आणि शेंद्रा या औद्योगिक पट्ट्यांत निर्माण झालेली संपत्ती त्या दिवशी रस्त्यावर दिसली, एवढे मात्र खरे.

खासगी मोटारीची नोंदणी प्रथमतः 15 वर्षांसाठी असते. म्हणजे 2010 च्या त्या मोटारींची पहिली मुदत 2025 च्या उत्तरार्धात संपली. त्या व त्यांच्या समकालीन आलिशान मोटारी आज नव्या छोट्या मोटारीपेक्षाही कमी किमतीत मिळू शकतात. 'एकच मालक, फक्त 38 हजार किलोमीटर चाललेली' असे वर्णन कानी आले की पगारदार मनुष्याचे मन क्षणभर तरी डळमळते. प्रस्तुत लेखकाचेही डळमळले. गेल्या दिवाळीच्या सुमारास चिकलठाणा औद्योगिक वसाहतीतील एका शेडमध्ये उभी असलेली, 2010 ची, पेट्रोलवर चालणारी अशी एक मोटार साडेपाच लाख रुपयांना देऊ करण्यात आली. ती घ्यावी की घेऊ नये, या प्रश्नाचा विचार करताना जे अभ्यासले, ते सहकारी प्राध्यापकांपुढे ठेवणे हा या लेखाचा हेतू आहे.

किलोमीटर कशाचे मोजमाप आहे?

15 वर्षांत 38 हजार किलोमीटर म्हणजे महिन्याला सुमारे 211 आणि दिवसाला सुमारे 7 किलोमीटर. हा आकडा दोन अगदी भिन्न आयुष्यांतून तयार होऊ शकतो. एक मोटार रोज सिडकोतील बंगल्यातून कारखान्यात आणि कारखान्यातून बंगल्यात एवढीच गेली असेल. दुसरी सव्वादोन महिन्यांतून एकदा पुण्याला जाऊन आली असेल. आकडा तोच, इंजिन मात्र तेच नव्हे.

साडेतीन किलोमीटरच्या फेरीत इंजिनातील तेल आपल्या नेहमीच्या तापमानापर्यंत पोहोचत नाही. ज्वलनातून तयार होणारी पाण्याची वाफ आतच थंड होते, न जळलेल्या पेट्रोलचा अंश तेलात उतरतो, आणि बॅटरीतून सुरुवातीला खर्च झालेली वीज पुरती भरून निघत नाही. लांब पल्ल्याच्या प्रवासात हे सर्व आपोआप सुधारते. म्हणूनच 'कमी चालली' या विधानापाठोपाठ 'कशी चालली' हा प्रश्न विचारणे क्रमप्राप्त ठरते.

दुसरी बाब अधिक महत्त्वाची आहे. मोटारीचे अनेक भाग अंतराने झिजत नाहीत, तर काळाने जीर्ण होतात. निलंबन व्यवस्थेतील रबरी बुश, इंजिनाचे माउंटिंग, पाण्याचे होज, दारांची रबरे, गिअरपेटीतील सील हे उभ्या मोटारीतही कडक होऊन तडकतात. मराठवाड्यात एप्रिल-मे महिन्यांत पारा 40 अंशांपलीकडे जातो, आणि पत्र्याच्या शेडखाली त्याहून अधिक. ब्रेकचे तेल हवेतील आर्द्रता शोषते. ते साधारणतः दर दोन वर्षांनी बदलावे लागते, मोटार चालो वा न चालो. टाकाटा या जपानी कंपनीच्या एअरबॅगांचे प्रकरण याचे सर्वांत गंभीर उदाहरण होय. त्यांतील स्फोटक रसायन दीर्घकाळ उष्णता व आर्द्रतेत राहिल्याने अस्थिर होते, हे निष्पन्न झाल्यावर अनेक कंपन्यांच्या मोटारींतील सुमारे 10 कोटी इन्फ्लेटर जगभर परत बोलवावे लागले. त्या एअरबॅगांच्या दृष्टीने ओडोमीटरवरील आकड्याला काहीही अर्थ नव्हता. जुनी मोटार घेताना तिच्या चॅसिस क्रमांकावर असे एखादे 'रिकॉल' प्रलंबित आहे काय, हे अधिकृत सेवा केंद्रात विचारून घ्यावे, ते याचसाठी.

पेट्रोल मोटारींबाबत आणखी एक भर पडली आहे. 2025 पर्यंत देशातील पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल मिसळले जाऊ लागले. ते आपल्याच उसापासूनही तयार होते, ही आनंदाची गोष्ट. परंतु 2010 ची मोटार या मिश्रणासाठी घडवलेली नव्हती. रबरी नळ्या व गॅस्केट यांवर त्याचा परिणाम संभवतो, आणि इथेनॉल पाणी शोषून घेत असल्याने महिनोन् महिने उभ्या असलेल्या टाकीतील इंधन हा स्वतंत्र चिंतेचा विषय ठरतो.

माहितीची विषमता आणि बैलबाजार

जॉर्ज अकरलॉफ या अर्थशास्त्रज्ञाने 1970 मध्ये वापरलेल्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन एक प्रसिद्ध निबंध लिहिला. विक्रेत्याला आपल्या मोटारीचे दोष ठाऊक असतात, खरेदीदाराला नसतात; त्यामुळे खरेदीदार सरासरी दर्जाचीच किंमत देऊ करतो; त्या किमतीत चांगल्या मोटारीचा मालक विकायला तयार होत नाही, आणि बाजारात हळूहळू सदोष मालच उरतो, हा त्याचा गाभा. 2001 चे अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक त्यांना मायकेल स्पेन्स व जोसेफ स्टिग्लिट्झ यांच्यासमवेत मिळाले. वाणिज्य शाखेत आपण हा सिद्धांत शिकवतो. तो स्वतःच्या खिशाला लागू करण्याची वेळ क्वचितच येते.

परंतु प्रस्तुत प्रकारच्या मोटारीत या सिद्धांताला एक उपकलम जोडावे लागेल असे वाटते. येथे अनेकदा विक्रेत्यालाही मोटारीचे दोष माहीत नसतात. मालक मागच्या आसनावर बसतो. गिअर बदलताना बसणारा हिसका, सकाळच्या पहिल्या सुरुवातीला इंजिनातून येणारा खडखडाट, हे सर्व चालकाला कळते. म्हणून शक्य असेल तर मालकाशी किंमत बोलावी आणि चालकाशी मोटारीविषयी.

लेखकाचे वडील शेतकरी आहेत. त्यांनी ती मोटार पाहिली, भोवती एक फेरी मारली आणि म्हणाले, "बसून खाल्लेला बैल आहे हा. जुंपल्याशिवाय कळायचं नाही." बैलबाजारात दात पाहून वय ठरवतात, पण खोड दातांत दिसत नाही, ती जुंपल्यावर दिसते. मोटारीलाही दात असतात. टायरच्या कडेवर चार अंकी संकेतांक असतो. '3910' म्हणजे 2010 च्या 39 व्या आठवड्यात बनलेला टायर. काचांवर आणि सीटबेल्टच्या पट्टीवरही निर्मितीच्या खुणा सापडतात. 15 वर्षांच्या मोटारीला मूळचेच टायर असतील, तर कमी अंतराच्या दाव्याला बळ मिळते. मात्र ते टायर त्याच क्षणी निकामी समजावेत. पेडलचे रबर गुळगुळीत झाले आहे, सुकाणूच्या चामड्याला चकाकी आली आहे आणि काटा मात्र 38 हजार दाखवतो, असे असल्यास शंका घ्यावी. डिजिटल ओडोमीटर संगणकाद्वारे मागे नेता येतो. परंतु काही मोटारींत अंतराची नोंद अन्य नियंत्रकांतही राहते, आणि अधिकृत केंद्रातील सेवेच्या नोंदी तारखेनिशी मिळू शकतात. त्या नोंदींतील किलोमीटरचे आकडे चढत्या क्रमाने आहेत का, एवढे पाहिले तरी बराच उलगडा होतो.

मोटार जुंपून पाहायची ती थंड इंजिनाने. आपण पोहोचण्यापूर्वी ती सुरू करून ठेवू नये, असे विक्रेत्याला आधीच सांगावे.

किंमत उतरते, सुटे भाग उतरत नाहीत

या निर्णयातील खरी अडचण येथे आहे. मोटारीची किंमत 15 वर्षांत दशांशावर येऊ शकते. पण तिचा दिवा, रेडिएटर वा गिअरपेटीचा नियंत्रक यांच्या किमती तिच्याबरोबर उतरत नाहीत. ते भाग आजही आलिशान मोटारीचेच असतात. शेंद्रा येथे 2001 पासून स्कोडाच्या आणि पुढे ऑडीच्या मोटारींची जुळणी होत आली, मर्सिडीजचा कारखाना चाकणला आहे, म्हणून सुटे भाग स्वस्त मिळतील असा एक समज आपल्याकडे आढळतो. जुळणी देशात झाली तरी अनेक भाग परदेशातूनच येतात. कुशल कारागीर मात्र या पट्ट्यात मिळू शकतात, हा लाभ नाकारता येत नाही.

विम्याने ही दरी भरून निघेल अशी अपेक्षा असेल, तर पॉलिसी बारकाईने वाचावी. पाच वर्षांहून जुन्या मोटारीचे विमामूल्य कंपनी व ग्राहक यांच्या संमतीने ठरते. नेहमीच्या पॉलिसीत दुरुस्तीच्या दाव्यातून रबर, प्लॅस्टिक, टायर व बॅटरी यांवर 50 टक्के घसारा वजा होतो. दहा वर्षांहून जुन्या मोटारीच्या धातूच्या भागांवरही 50 टक्के. काच तेवढी सुटते. घसारा माफ करणारे वाढीव संरक्षण इतक्या जुन्या मोटारीला सहसा मिळत नाही. समजा, विमामूल्य 5 लाख आहे आणि किरकोळ अपघातात 2 लाखांचे भाग बदलावे लागले, तर जवळपास 1 लाख मालकाच्या खिशातून जातात. दुसरी तरतूद याहून कठोर आहे : दुरुस्तीचा खर्च विमामूल्याच्या 75 टक्क्यांपलीकडे गेला, की मोटार पूर्ण हानी झालेली समजली जाते. 5 लाखांच्या मूल्यावर ही मर्यादा 3 लाख 75 हजारांची. दोन दिवे, बंपर, बॉनेट, रेडिएटर आणि उघडलेल्या एअरबॅगा एवढ्यांतच ती ओलांडली जाऊ शकते. नव्या छोट्या मोटारीच्या बाबतीत ज्या धडकेला आपण 'थोडक्यात निभावले' म्हणतो, तीच धडक येथे मोटारीचा शेवट ठरते.

तिकडे नवी छोटी मोटारही स्वस्त झाली आहे. सप्टेंबर 2025 मध्ये लहान मोटारींवरील वस्तू व सेवा कर 18 टक्क्यांवर आला, तेव्हा तुलनेचे पारडे आणखी झुकले.

कागदपत्रे : मोटारीचा सातबारा

जमीन घेताना आपण सातबाऱ्यावरील बोजा पाहतो. मोटारीच्या नोंदणी प्रमाणपत्रावरील बोजाही तसाच पाहावा. 2010 च्या अनेक मोटारी कर्जावर घेतलेल्या होत्या. कर्ज फिटले तरी बँकेचे ना-हरकत पत्र व नमुना 35 परिवहन कार्यालयात दाखल करून नोंद कमी करून घेण्याचे राहून गेलेले असू शकते. परिवहन विभागाच्या 'वाहन' या संगणकीय प्रणालीवर बोजा, विमा, नोंदणीची मुदत व थकीत चलने पाहता येतात.

15 वर्षांनंतर नोंदणीचे नूतनीकरण पाच-पाच वर्षांसाठी होते. त्यासाठी मोटार तपासणीस न्यावी लागते. 1 एप्रिल 2022 पासून हे शुल्क 600 रुपयांवरून 5,000 रुपये झाले. आयात केलेल्या मोटारीसाठी ते 40,000 रुपये आहे. 2025 मध्ये 20 वर्षांहून जुन्या मोटारींसाठी ते दुप्पट करण्यात आले. शिवाय महाराष्ट्रात पर्यावरण कर भरावा लागतो. हे आकडे मोटारीच्या किमतीच्या मानाने लहान आहेत. पण नूतनीकरण कोणी करायचे, हे व्यवहारापूर्वी ठरवावे. मुदत संपलेल्या नोंदणीवर वाहन रस्त्यावर आणल्यास विम्याचा दावाच नाकारला जाऊ शकतो. तात्पुरत्या नोंदणीची मुदत संपलेल्या एका मोटारीच्या चोरीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये विमा कंपनीची बाजू मान्य केली होती.

दिल्लीहून येणाऱ्या स्वस्त मोटारींविषयी येथे एवढेच नमूद करतो की, तेथील वयोमर्यादेच्या बंधनांमुळे त्यांची किंमत कमी दिसते. ना-हरकत पत्र आणि महाराष्ट्रातील कर जमेस धरल्यावर ती तितकी कमी राहत नाही.

प्रत्यक्ष निर्णय

जालना रोडवरील एका अनुभवी कारागिराकडे ती मोटार लिफ्टवर चढवून पाहिली. काटा खरा होता. सेवेच्या नोंदी 2019 पर्यंत नियमित होत्या, पुढे काहीच नव्हते. टायर 2010 चेच. पुढील निलंबनाचे बुश तडकलेले, एका माउंटिंगमधून तेल पाझरलेले, बॅटरी संपलेली, ब्रेकचे तेल चहाच्या रंगाचे. रंग आणि आतील चामडे मात्र दृष्ट लागावी असे. त्याने काढलेला अंदाज 2 लाख 35 हजार रुपयांचा होता आणि त्यात गिअरपेटी उघडण्याचा खर्च धरलेला नव्हता.

लेखकाच्या मते, अशी मोटार घरातील दुसरे वाहन म्हणून, आणि किमतीच्या निम्मी तरी रक्कम पहिल्या दोन वर्षांच्या दुरुस्तीसाठी वेगळी ठेवून घेणाऱ्यास हा व्यवहार अविचाराचा म्हणता येणार नाही. तिची बैठक, तिचा शांतपणा आणि तिची मजबुती आजच्या छोट्या मोटारीत नाही, हे चालवताना पहिल्या किलोमीटरलाच कळते. परंतु आपल्यापैकी 1 नोव्हेंबर 2005 नंतर सेवेत आलेल्या बहुतेकांना अग्रिम काढण्यासाठी भविष्य निर्वाह निधीचे खातेही नाही. दुरुस्तीचे बिल अखेर सेवकांच्या पतसंस्थेतून कर्ज काढूनच भागवावे लागेल. रोज महाविद्यालयात वेळेवर पोहोचवणारे एकमेव वाहन म्हणून ती घेणे लेखकास परवडणारे नव्हते.

तरीही तीन लाख वीस हजार देऊ केले, नोंदणीचे नूतनीकरण विक्रेत्याने करून द्यावे या अटीवर. त्यांनी हसून नकार दिला. 'अवघी 38 हजार चालली आहे, सर,' एवढेच त्यांचे उत्तर होते. मोटार अद्याप त्याच शेडमध्ये उभी आहे. गेल्या आठवड्यात पुन्हा पाहिली, तेव्हा मागच्या एका चाकातील हवा गेलेली होती.