अण्णांचा टेम्पो

मराठीत ‘टेम्पो’ म्हटले, की बिऱ्हाड हलवणारे, गणपती आणणारे, वऱ्हाड कोंबून नेणारे कोणतेही लहानसे मालवाहू वाहन डोळ्यांपुढे येते. हे मूळचे विशेषनाम आहे असे मी वर्गात सांगतो, तेव्हा मुलांना ते खरे वाटत नाही. हॅम्बुर्गच्या एका जर्मन कंपनीच्या गाड्यांचे ते नाव. तिच्या सहकार्याने १९५८ साली आपल्याकडे ‘बजाज टेम्पो’ निघाली आणि ‘हॅन्सीट’ नावाची तिनचाकी इथे तयार होऊ लागली. २००५ साली कंपनीने नाव बदलून ‘फोर्स मोटर्स’ केले. कंपनीने शब्द सोडला. मराठीने काही सोडला नाही.

आमच्या अण्णांनी १९७९ साली जुना म्हणून घेतलेला टेम्पो हा हॅन्सीटच. पुढे एक चाक, मागे दोन, आणि पुढे आलेले लांबोडके नाक. एंजिन दोन सिलिंडरांचे, टू-स्ट्रोक. पेट्रोलातच ऑइल मिसळायचे, म्हणून पाठीमागे कायम निळसर धूर. दिवाळीच्या सुमारास कोल्हापूरच्या आसपासची गुऱ्हाळे पेटली, की अण्णांचा हंगाम सुरू होई. गुऱ्हाळावर गुळाचे रवे भरायचे आणि मार्केट यार्डात अडत्याच्या दारी उतरवायचे. आता गंमत अशी, की एंजिनाचा सारा जोर पुढच्या एकट्या चाकाला, आणि सारे ओझे मागे! नदीकाठचा चढ आला, की ते चाक जागच्या जागी फिरू लागे. मग अण्णा आम्हां दोघां भावांना खाली उतरवून नाकावर बसवीत. आपल्या वजनाची कोणाला गरज आहे, असे त्यानंतर आयुष्यात फारसे वाटले नाही.

१९९८ साली टेम्पो परसात उभा राहिला, तो राहिलाच. २०११ साली अण्णा गेले. २०२३ साली घराच्या वाटण्या झाल्या, तेव्हा धाकटा म्हणाला, ‘‘दादा, भंगारवाला किलोवर घ्यायला तयार आहे. देऊन टाकू?’’ मी टेम्पो माझ्या वाट्याला मागून घेतला. कोणी हरकत घेतली नाही. आई मात्र म्हणाली, ‘‘तुला गुळाचा वास आठवतोय, मला हप्ते आठवत्यात. तीनदा पाटल्या गहाण पडल्या ह्याच्यापायी.’’

यावर मजपाशी उत्तर नव्हते. आजही नाही.

उद्यमनगरात एक वृद्ध मिस्त्री भेटले. पोरवयात त्यांनी या गाड्या खोलल्या होत्या. एंजिन जाम झालेले. सिलिंडरात डिझेल ओतून आठ दिवस ठेवले, तरी ढिम्म. शेवटी हेड उतरवून, वर लाकडाचा ठोकळा धरून हातोड्याने पिस्टन सोडवला. रिंगा बाजारात कुठल्या मिळणार? त्या दुसऱ्या एका मेलेल्या टेम्पोतून आल्या. रेडिएटरला जागोजाग डाग दिले. केबिनचा पत्रा बोट लावले तरी पापडासारखा मोडत होता. जवळजवळ दोन वर्षे माझ्या पगाराला ही तीन चाके लागली होती, असे आमच्या सौभाग्यवती म्हणतात आणि ते खरे आहे.

मागच्या हौद्याच्या फळ्या काढल्या त्या दिवशी आई खुर्ची टाकून बसली होती. फळ्यांच्या सांध्यांत गूळ आणि माती यांचा काळाकुट्ट थर दगडासारखा बसला होता. सुतार पटाशीने तो खरवडत होता. आईने एक खपली उचलली, नाकाशी नेली. ‘‘ह्याला आता कसला वास!’’ म्हणाली आणि टाकून दिली. पण उठली नाही. काम संपेपर्यंत बसून राहिली.

आता टेम्पो चालतो, पण रस्त्यावर नेता येत नाही. केंद्र सरकारने २०२१ साली ‘व्हिंटेज’ गाड्यांचे नियम केले. गाडी पन्नास वर्षांहून जुनी आणि मूळ रूपात राखलेली हवी. वीस हजार रुपये भरले, की दहा वर्षांची नोंदणी मिळते. आमची मूळ नोंदणी १९७३ ची, म्हणजे वयाची अट केव्हाच पुरी झाली. पण हे नियम दुचाकींना आणि चारचाकींना. आम्ही नेमके मधल्या आकड्यावर! दसऱ्याला छत्रपतींची मेबॅक मोटार चौकात येते, तेव्हा ती पाहायला सारे कोल्हापूर लोटते, आणि त्या गर्दीत मीही असतो. तशी मोटार जपायला कायद्यात जागा आहे. गूळ वाहणाऱ्याला ती नसावी, हे मला खटकते.

तेव्हा गेल्या पाडव्याला आम्ही तो आपल्याच रानातल्या वाटेने गुऱ्हाळापर्यंत नेला. एंजिन सुरू झाल्यावर आई बाहेर आली. बस म्हटले तर बसली नाही. ‘‘पेट्रोल किती खातोय?’’ एवढेच विचारले. मी आकडा सांगितला. ‘‘अजून तेवढंच!’’ म्हणाली.

पुढच्या दिव्याची काच तेवढी मिळायची राहिली आहे. वाचकांपैकी कोणाच्या परसात असा टेम्पो पडून असेल, तर भंगारवाल्याला हाक मारण्याआधी त्याच्या दिव्याकडे एकवार पाहावे.