उष्णतेची साठवण : माळवदापासून बर्फाच्या टाकीपर्यंत

घर गार कसं ठेवायचं असं विचारलं की आपल्या डोळ्यांपुढे लगेच यंत्र येतं. आज आपण यंत्राआधी साठवणीचा विचार करू.

परभणीत मे महिन्यात पारा ४० च्या पुढे जातो, डिसेंबर-जानेवारीत कधी कधी १० च्या खाली येतो. उन्हाळ्यात गारवा रात्री असतो आणि हवा असतो दुपारी. हिवाळ्यात ऊन दुपारी असतं आणि ऊब हवी असते पहाटे. म्हणजे प्रश्न उष्णतेचा कमी, वेळेचा जास्त आहे. वेळेची ही दरी भरून काढणं म्हणजे साठवण.

आपल्याकडची जुनी माळवदाची घरं हेच करत होती. पांढऱ्या मातीच्या जाड भिंती, वर लाकडी तुळया आणि त्यांवर मातीचा थर. ढोबळ हिशेब केला तर १ फूट जाडीच्या मातीतून दुपारची उष्णता आत पोचायला १० तासांच्या आसपास लागतात, आणि पोचते तेव्हा तिचा चढउतार दहाव्या हिश्शाहून कमी उरतो. आजचा ४-५ इंची स्लॅब मात्र ३-४ तासांतच आत तापतो. म्हणून संध्याकाळी पंखा लावला तरी गरम हवाच अंगावर येते.

वैशेषिकांनी पृथ्वीचा स्पर्श 'अनुष्णाशीत' म्हटला, ना उष्ण ना शीत. माळवदाखाली बसलेल्या माणसाला ते पटेल! शीतस्पर्श मात्र त्यांनी पाण्याचा गुण मानला. आजचं विज्ञान थंडीला स्वतंत्र वस्तू मानत नाही. आपण 'थंडी साठवतो' म्हणजे खरं तर उष्णतेसाठी जागा रिकामी करून ठेवतो. ही जागा रोज रात्री रिकामी झाली नाही, तर जाड भिंतही चार दिवसांत भट्टी होते. म्हणून उन्हाळ्यात रात्री खिडक्या उघड्या आणि दुपारी बंद.

मग पुन्हा माळवदाकडे वळायचं का? इथं आपल्याला ३० सप्टेंबर १९९३ विसरता येत नाही. किल्लारीच्या भूकंपात हजारो माणसं गेली. त्यातली बहुतेक दगडमातीच्या भिंती आणि मातीची जड छतं कोसळून. तेव्हा तत्त्व घ्यायचं, पण वजन डोक्यावर घ्यायचं नाही.

यावर एक उत्तर पाण्यात आहे. १ किलो पाणी १ अंशाने तापायला सुमारे ४.२ किलोज्यूल लागतात. पण १ किलो बर्फ वितळताना ३३४ किलोज्यूल शोषतो, जवळजवळ ८० पट. दूध थंड करायला डेअऱ्या बर्फाची ही साठवण वापरतात. तसंच दुपारच्या सौरविजेवर बर्फ करून ठेवावा आणि संध्याकाळी त्यावर इमारत गार करावी. सूर्य मावळल्यावर विजेची मागणी चढते, तेव्हा आपली मदार बरीचशी कोळशावर असते. तो भार तेवढा हलका होईल. मात्र टाकी, नळ, देखभाल यांचा खर्च पाहता हे रुग्णालयं, वसतिगृहं, कार्यालयं यांना परवडण्यासारखं आहे. एकट्या घराला नाही.

घरासाठी साधा क्रम सांगतो. आधी छताला पांढरा चुना द्या, म्हणजे ऊन परत फिरेल. मग सावली करा. मग रात्रीचा वारा आत खेळू द्या. यंत्राची पाळी त्यानंतर. जी उष्णता आत आलीच नाही, ती बाहेर काढायला वीज लागत नाही.