बेंच प्रेस ८० किलोवर अडलीय? १०० किलोचं गणित समजून घ्या

हिंगणा एमआयडीसीतली शिफ्ट संपवून जिम गाठणाऱ्या तरुणांना विचारा, बेंच प्रेसचं टार्गेट बहुतेक वेळा १०० किलोच असतं. म्हणजे २० किलोचा रॉड आणि दोन्ही बाजूंना ४०-४० किलो. पण दर सोमवारी ‘मॅक्स’ मारून पाहणं म्हणजे ताकद वाढवणं नव्हे, नुसती तपासणं.

कमाल वजनाचा अंदाज ते न उचलताही येतो. एप्ली सूत्र सांगतं: रेप्सना ३० ने भागा, १ मिळवा, वजनाने गुणा. ८० किलोचे ५ रेप्स निघत असतील तर तुमची कमाल साधारण ९३. ८७.५ किलोचे ५ निघाले की १०२. म्हणजे खरं अंतर २० किलोंचं नाही, साडेसात किलोंचं आहे!

त्यासाठी आठवड्यातून दोनदा बेंच करा. सगळे सेट नीट झाले तरच पुढच्या वेळी अडीच किलो वाढवा. जिमच्या कोपऱ्यात पडलेल्या सव्वा किलोच्या प्लेट्स याच कामाच्या. नाइट शिफ्टच्या आठवड्यात झोप अपुरी असेल, तर वजन आहे तेवढंच ठेवा.

आणि शेवटच्या रेपला रॉड छातीवर अडकू शकतो. जड सेटला मागे कुणीतरी उभं हवंच. कुणीच नसेल तर सेफ्टी पिनांच्या रॅकमध्येच बेंच लावा.