पुरवठा-साखळी व्यवस्थापन

कच्च्या मालाच्या उगमापासून तयार वस्तू उपभोक्त्याच्या हाती पडेपर्यंत खरेदी, वाहतूक, साठवण, प्रक्रिया व वितरण या सर्व टप्प्यांचा एकत्रित विचार करून त्यांत मेळ घालणारी व्यवस्थापनाची शाखा. ही संज्ञा कीथ ऑलिव्हर या ब्रिटिश व्यवस्थापन-सल्लागाराने १९८२ मध्ये वापरली व पुढे ती रूढ झाली. माल एका दिशेने जातो, पैसा उलट दिशेने येतो आणि माहिती दोन्ही दिशांनी वाहते, असे या साखळीचे स्वरूप थोडक्यात सांगता येईल. जुन्या पेठांत ही तिन्ही कामे अडत्याची वही, हुंडी व तार यांवर भागत. भारताने १९९१ नंतर आयात-निर्यातीवरील निर्बंध सैल केले आणि १९९५ मध्ये जागतिक व्यापार संघटना अस्तित्वात आली. तेव्हापासून एकाच वस्तूचे टप्पे अनेक देशांत विखुरले व वहीची जागा संगणकीय प्रणालींनी घेतली. या स्थित्यंतराचे बोलके उदाहरण नांदेड व लातूर या जिल्ह्यांतील सोयाबीनच्या व्यापारात आढळते. पुढील विवेचन मुख्यतः त्याच्या आधारे केले आहे.

संगणकीय प्रणाली : कारखान्याला कोणता माल केव्हा व किती लागेल, याचा हिशेब संगणकाकडून करून घेण्याची पद्धत जोसेफ ऑर्लिकी याने १९६४ च्या सुमारास अमेरिकेत विकसित केली. पश्चिम जर्मनीत १९७२ मध्ये पाच अभियंत्यांनी स्थापन केलेल्या सॅप या कंपनीने हिशेब, साठा, उत्पादन व विक्री यांच्या नोंदी एकत्र आणणाऱ्या आज्ञावली तयार केल्या. १९९० नंतर अशा आज्ञावलींना उद्योग-संसाधन नियोजन प्रणाली किंवा ईआरपी हे नाव पडले. एक नोंद एकदाच करावयाची व ती सर्व खात्यांना दिसावयाची, हे तिचे मर्म. तेलाच्या कारखान्यातील वजनकाट्यावर ट्रक चढला, की साठ्यात माल वाढतो, अडत्याचे देणे हिशेबात चढते आणि गाळप विभागाला हाती किती बी आहे ते कळते. वस्तू व सेवा कर १ जुलै २०१७ पासून आणि आंतरराज्य मालवाहतुकीसाठी ई-वे बिल १ एप्रिल २०१८ पासून लागू झाल्यावर लहान व्यापाऱ्यालाही संगणकीय नोंद टाळता येईनाशी झाली. बिलोलीसारख्या सीमेवरच्या तालुक्यात हे विशेष जाणवते. कारण मांजरा नदी ओलांडली, की माल तेलंगणात म्हणजे दुसऱ्या राज्यात जातो.

मराठवाड्यातील सोयाबीन : बिलोली व लगतच्या तालुक्यांत खरिपात पूर्वी संकरित ज्वारी, कापूस, मूग व उडीद यांचा वरचष्मा होता. गेल्या तीन दशकांत सोयाबीनने त्यांतील बराच भाग व्यापला. तीन-साडेतीन महिन्यांत हाती येणारे, यंत्राने मळता येणारे आणि लगेच रोख पैसा देणारे पीक म्हणून ते पसरले. ज्वारी विकली नाही तर घरी खाता येते. सोयाबीनचे तसे नाही. ते पिकते ते विकण्यासाठीच, आणि त्यामुळे त्याच्या उत्पादकाला बाजाराबाहेर राहण्याची सोय उरत नाही.

तालुक्याच्या बाजारात विकला गेलेला माल नांदेड व लातूर येथील व्यापाऱ्यांमार्फत गाळप कारखान्यांकडे जातो. लातूर हे या व्यापाराचे प्रमुख केंद्र असून तेथील बाजार समितीत नमुन्याच्या पोटलीवर दर काढण्याची रूढी आहे. आर्चर डॅनिअल्स मिडलँड या अमेरिकी कंपनीकडेही लातूर येथील एक गाळप कारखाना आला. कारखाने ‘दहा-दोन-दोन’ या अटीवर भाव बोलतात : ओलावा १० टक्के, माती व काडीकचरा २ टक्के, डागी दाणे २ टक्के. त्याहून अधिक आढळल्यास कपात होते. ऑक्टोबरात नुकतेच काढलेले बी या अटीत क्वचितच बसते. २०२५ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये मराठवाड्यात अतिवृष्टी झाली, तशा वर्षी तर नाहीच.

भावाचे गणित : सोयाबीनचा दर शेतातून वर चढत नाही, तो बंदरातून खाली उतरतो. सामान्यतः १०० किग्रॅ. बियांपासून सु. १८ किग्रॅ. तेल व सु. ८० किग्रॅ. पेंड मिळते. केवळ उदाहरणादाखल, तेल १२० रु. व पेंड ३५ रु. किलो धरल्यास दोन्हींचे मिळून ४,९६० रु. होतात; त्यांतून गाळपखर्च, वाहतूक, अडत व नफा वजा जाता जे उरेल, तो बियांचा क्विंटलचा भाव. तेल किलोमागे १० रुपयांनी उतरले, तर हा भाव १८० रुपयांनी घसरतो. तेलाचा दर मुख्यतः आयातीवर ठरतो. देशाला लागणाऱ्या खाद्यतेलाचा निम्म्याहून अधिक भाग बाहेरून येतो : पामतेल इंडोनेशिया व मलेशियातून, सोयातेल मुख्यतः अर्जेंटिना व ब्राझीलमधून, सूर्यफूलतेल रशिया व युक्रेनमधून. पेंडीचा दर शिकागोच्या वायदे बाजाराशी बांधलेला आहे. हा बाजार १८४८ मध्ये सुरू झाला व तेथे सोयाबीनचे वायदे १९३६ पासून होतात. धान्यापासून इथेनॉल काढल्यावर उरणारा चोथा अलीकडे पशुखाद्यात पेंडीशी स्पर्धा करू लागला आहे, हा आणखी एक भाग.

मोठ्या कारखान्याची आज्ञावली हे उलटे गणित दिवसातून अनेकदा मांडू शकते. सरकारी निर्णयांची नोंदही तीत तत्काळ होते. १३ सप्टेंबर २०२४ रोजी कच्च्या खाद्यतेलावरील मूळ आयातशुल्क शून्यावरून २० टक्के करण्यात आले आणि ३० मे २०२५ रोजी ते १० टक्क्यांवर आणले गेले. पहिला निर्णय पीक काढणीला येताना झाला, दुसरा पेरणीच्या तोंडावर. २०२१ चा अनुभव याहून कडू होता. त्या वर्षी ऑगस्टच्या आरंभी सोयाबीनने क्विंटलला सु. १०,००० रुपयांपर्यंत मजल मारली. कुक्कुटपालकांच्या मागणीवरून जनुकीय परिवर्तित सोयाबीनची १२ लाख टन पेंड आयात करण्यास केंद्राने परवानगी दिली आणि नवे पीक आल्यावर भाव निम्म्यावर आला. घसरणीचा सगळा दोष आयातीला देता येणार नाही, आवकही त्याच सुमारास वाढली होती. परंतु ज्याने चढ्या भावाचे बियाणे पेरले, त्याला या भेदाचा उपयोग नव्हता. त्याच वर्षी २० डिसेंबरला सेबीने सोयाबीनसह सात शेतमालांचे वायदे स्थगित केले व ही स्थगिती वेळोवेळी मार्च २०२६ पर्यंत वाढविली. शिकागोचा भाव त्यामुळे थांबला नाही. थांबला तो पेरणीच्या वेळी काढणीच्या महिन्याचा देशी भाव पाहण्याचा मार्ग.

माहितीची तुटलेली कडी : साखळीचा वरचा भाग असा क्षणोक्षणी नोंदला जात असताना तिचे खालचे टोक अंधारात राहते. बिलोलीच्या दहा शेतकऱ्यांचे कट्टे एका ढिगात ओतले गेले, की कोणाचा माल कोणता हे सांगता येत नाही. कारखान्याच्या प्रणालीत नाव उमटते ते अडत्याचे. हे अटळ नाही. २००३ मध्ये नेदर्लंड्समध्ये भारतीय द्राक्षांत कीटकनाशकांचा अंश आढळल्यावर निर्यात धोक्यात आली. त्यातून अपेडाने २००६ मध्ये ‘ग्रेपनेट’ प्रणाली सुरू केली. तीत बागेची नोंदणी, नमुन्याची प्रयोगशाळेतील तपासणी व प्रमाणपत्र एका धाग्यात गुंफलेले असून पेटीवरील क्रमांकावरून थेट बाग शोधता येते. परक्या ग्राहकाने हट्ट धरला म्हणून हे घडले. सोयाबीनच्या बाबतीत असा हट्ट कोणी धरला नव्हता.

शासकीय खरेदीत शेतकऱ्याची नोंद होते, हे खरे. राज्यभर १५ ऑगस्ट २०२१ पासून सुरू झालेल्या ई-पीक पाहणीत तो आपले पीक भ्रमणध्वनीवरून सात-बाराला लावतो व आधारभूत किमतीने विक्रीसाठी संगणकावर नाव नोंदवितो. तथापि २०२४-२५ च्या हंगामात आधारभूत किंमत ४,८९२ रु. असता खुल्या बाजारातील दर तिच्याखाली होते. ओलाव्याची मर्यादा १२ टक्क्यांवरून १५ टक्के करण्याचा निर्णय नोव्हेंबरच्या मध्यावर झाला. तोवर अनेकांनी माल विकलेला होता. पुढे काही केंद्रांवर बारदाना संपल्याने खरेदी थांबली. नावे, क्षेत्र व बँकेची खाती संगणकात होती, पोती नव्हती.

आता हट्ट धरणारा ग्राहक पुढे आला आहे. भारतात जनुकीय परिवर्तित सोयाबीनच्या लागवडीस परवानगी नसल्याने येथील पेंडीला यूरोपात वेगळी मागणी असते. यूरोपीय संघाच्या २०२३ च्या जंगलतोडविरोधी नियमानुसार तेथे येणाऱ्या सोयाबीनबरोबर, ते ज्या शेतात पिकले त्याचे अक्षांश-रेखांश देणे आवश्यक ठरते. अंमलबजावणी दोनदा पुढे ढकलून मोठ्या व्यापाऱ्यांसाठी ती डिसेंबर २०२६ च्या अखेरीस ठरविण्यात आली. या अटीची पूर्तता करावयाची, तर माल शेतनिहाय वेगळा ठेवावा लागेल किंवा ढिगात आलेल्या प्रत्येक शेताची नोंद ढिगाबरोबर पुढे न्यावी लागेल. आणि हे काम कारखान्याच्या फाटकावर नव्हे, तर बिलोली, कुंडलवाडी व धर्माबाद येथील अडत दुकानांच्या ओट्यावर, माप घालतानाच करावे लागेल.