तेलगळती हा फक्त टँकरवाल्यांचा प्रश्न नाही

पिंपरी-चिंचवड, चाकणचा माल रोज कंटेनरमधून जेएनपीटी बंदराकडे जातो. तरीही तेलगळती म्हटली की इथल्या उद्योजकाच्या डोळ्यांपुढे टँकरच येतो. 7 ऑगस्ट 2010 रोजी मुंबईजवळ खलिजिया-3 या जहाजाशी टक्कर झालेले एमएससी चित्रा मात्र कंटेनर जहाज होते, आणि जेएनपीटीतूनच निघाले होते. त्यातून सांडलेले सुमारे 800 टन तेल हे त्याचे स्वतःचे इंधन होते. असे जाड, चिकट तेल खारफुटीच्या श्वसनमुळांवर बसले की त्यांची छिद्रे बुजतात. ते खरवडायला गेले तर मुळेच मोडतात, आणि चिखलात तुडवले गेलेले तेल आणखी खोल मुरते.

दुसरा समज असा की, परदेशी झेंड्याचे जहाज हात झटकून निघून जाते. कायदा इतका लुळा नाही. टँकरमधल्या तेलासाठी मालकाला विमा सक्तीचा आहे. तो पुरला नाही, तर समुद्रमार्गे वर्षाला दीड लाख टनांहून अधिक तेल घेणाऱ्या कंपन्यांच्या वर्गणीतून उभा राहिलेला आंतरराष्ट्रीय निधी आहे. इतर जहाजांच्या इंधनासाठीचा 2001 चा करार 2008 मध्ये लागू झाला, भारत त्यात 2015 मध्ये आला. त्यातही विमा सक्तीचा आहे आणि थेट विमा कंपनीवर दावा लावता येतो. भरपाईला कमाल मर्यादा का, असा आक्षेप घेतला जातो. तो रास्त आहे, पण मर्यादेच्या बदल्यात मालकाची चूक सिद्ध करत बसावे लागत नाही, हेही ध्यानात घ्यावे. खरा अन्याय पुढे आहे. मर्यादा ओलांडणाऱ्या खर्चासाठी टँकरमागे निधी उभा असतो, कंटेनर जहाजामागे काहीच नाही. तो भार किनाऱ्यावर आणि सरकारी तिजोरीवर पडतो.

सगळे तटरक्षक दल साफ करते, हेही खरे नाही. तेलगळतीच्या राष्ट्रीय आपत्ती आराखड्यानुसार खुल्या समुद्रात ते दल, बंदराच्या हद्दीत बंदर आणि किनाऱ्यावर राज्य सरकार जबाबदार असते. शिवाय किती मजूर किती तास राबले, तेलकट वाळूची किती पोती भरली, याची रोजची नोंद नसेल तर केलेला खर्चही वसूल होत नाही.

मालाचा मालक नामानिराळा राहतो, असेही समजू नये. मुंबईजवळ 4 ऑगस्ट 2011 रोजी बुडालेल्या एमव्ही राक या कोळसावाहू जहाजाच्या प्रकरणात राष्ट्रीय हरित लवादाने 2016 मध्ये जहाज कंपन्यांना 100 कोटी आणि कोळशाच्या मालकालाही 5 कोटी रुपये भरण्याचा आदेश दिला. म्हणून जहाजांच्या इंधनगळतीसाठीही टँकरसारखा दुसरा निधी हवा, ही मागणी मच्छीमारांच्या बरोबरीने चाकणच्या निर्यातदारांनीही केंद्राकडे लावून धरावी.